सायलेंट मशीन आणलं, तरी आवाजाची तक्रार परत आली: काय तपासायचं

तक्रारीचा साचा ठरलेला आहे. आधीचं उघडं मशीन फार ओरडतं म्हणून कॅनोपीवालं (आवाज अडवणाऱ्या पेटीत बसवलेलं), अंगावर मोठ्या अक्षरात 'सायलेंट' लिहिलेलं डिझेल वेल्डिंग मशीन भाड्याने येतं. पहिले दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली उतरतं, साइट इंजिनिअरला फोन जातो, काम थांबतं. मग त्याहून भारी मशीन मागवतात, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

या चक्रात मी स्वतः तीनदा सापडलोय. शेवटची वेळ एका रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होती. बाहेरून जाणाऱ्या पाइपांचे सपोर्ट बदलायचे होते आणि रोज संध्याकाळी चारच तास काम करायची परवानगी होती. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली, म्हणून मी मीटर घेऊन गेलो. बघतो तर फिटर पुढच्या ब्रॅकेटचं माप घेत होता, वेल्डर पाणी पीत होता, रॉड धरायचा होल्डर हुकाला टांगलेला. आणि मशीन फुल आरपीएमवर गरजत होतं. कुणीही रॉड मारत, म्हणजे वेल्डिंग करत नव्हतं. मशीनच्या सॉकेटमध्ये ५०० वॅटचा हॅलोजन लावलेला होता. त्या दिव्यामुळे ऑटो आयडलला (काम थांबलं की इंजिन आपोआप हळू करणाऱ्या यंत्रणेला) वाटत होतं की काम चालू आहे. कॅनोपीचं एक दार विटेने उघडं ठेवलं होतं. का, असं विचारलं तर हेल्पर म्हणाला, "साहेब, दार बंद केलं की मशीन तापून बंद पडतं." तापणारच होतं, कारण रेडिएटरची गरम हवा हातभर अंतरावरच्या भिंतीवर आपटून परत आत ओढली जात होती.

मशीन चांगलंच होतं. चूक आमच्या मांडणीची होती. तेव्हा नवीन मशीन मागवायच्या आधी, जे आहे ते नेमकं कधी आणि कशाने ओरडतंय हे शोधा. निवड कशी करायची हे त्यातूनच कळतं.

आधी एक तास घड्याळ लावून बसा

त्या संध्याकाळी मी हेच केलं. साठ मिनिटांत प्रत्यक्ष रॉड पेटलेला होता एकूण तेरा मिनिटं. उरलेला वेळ मापं, टॅक (तुकडा जागी धरणारे छोटे टाके), स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) झाडणं, रॉड बदलणं, शिडी सरकवणं यात गेला. हाताने रॉड मारायच्या साइटवरच्या कामात हे प्रमाण बहुतेक वेळा वीस-तीस टक्क्यांच्या आसपासच राहतं. म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू येणाऱ्या आवाजातला मोठा हिस्सा वेल्डिंगचा नसतोच. कुणी वेल्डिंग करत नसताना चालू असलेल्या इंजिनाचा असतो. मशीन निवडताना मात्र सगळे फुल लोडचा आकडा विचारतात आणि रिकाम्या वेळी ते किती शांत होतं हे कुणी विचारत नाही.

हिशोब करून बघा. ७ मीटरवर फुल आरपीएमला ७२ डेसिबल आणि आयडलवर ६२ डेसिबल देणारं मशीन घेऊ. दिवसभर फुल आरपीएमवर ठेवलं तर सरासरी ७२. पाव वेळ फुल आणि पाऊण वेळ आयडल असेल, तर ऊर्जेच्या हिशोबाने सरासरी ६७ येते. पाऊण वेळ इंजिन पूर्ण बंद ठेवलं तर ६६. आयडलने पाच डेसिबल मिळाले आणि त्यापुढे इंजिन बंद केल्याने मीटरवर जेमतेम एक. कान मात्र मीटरसारखा वागत नाही. मधेमधे खरी शांतता मिळाली की माणसाचं डोकं शांत राहतं. उलट दर पाच मिनिटांनी इंजिन धडाडून सुरू होत असेल तर तोच माणूस जास्त वैतागतो. म्हणून आपोआप बंद-चालू होणारं मशीन मी रात्रीच्या कामाला डोळे झाकून घेत नाही. कामाची लय काय आहे ते आधी बघतो. सलग वीस मिनिटं वेल्डिंग आणि मग अर्धा तास फिटिंग असेल तर छान. टॅक-थांब-टॅक-थांब असं असेल तर शांत आयडलवालं बरं.

ऑटो आयडल खाली उतरत नसेल तर

तक्रार परत येण्याचं सगळ्यात साधं कारण हे, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच. वेल्डिंग थांबलं की साधारण दहा-पंधरा सेकंदांत इंजिन खाली यायला हवं. येत नसेल तर आधी स्विच बघा. तो 'हाय'वर अडकवून ठेवायची सवय वेल्डर मंडळींना असते, कारण आयडलवरून उठताना पहिल्या क्षणी रॉड चिकटतो असं त्यांना वाटतं. जुन्या मशीनवर ते खरंही असतं. मग सॉकेट बघा. हॅलोजन, हीटर, रॉड तापवायचा ओव्हन, मोठा चार्जर, यातलं काहीही लावलेलं असेल तर मशीन त्याला लोड समजून वरच राहतं. त्यानंतर होल्डर बघा. तो जॉबवर (वेल्ड करायच्या लोखंडावर) टेकून पडलेला असेल, किंवा केबलचं इन्सुलेशन फाटून कुठे लोखंडाला लागत असेल, तर थोडा करंट वाहत राहतो आणि मशीनच्या दृष्टीने वेल्डिंग चालूच असतं. हे तिन्ही ठीक असतील तरच इंजिनाला आयडलवर खेचणारा सोलेनॉइड आणि वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची दांडी बघा. धूळ आणि स्पॅटरने (वेल्डिंगच्या उडालेल्या थेंबांनी) ती दांडी जाम होते.

याची उलटी बाजूही आहे आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही. ३०-४० वॅटचा एलईडी दिवा किंवा फोनचा चार्जर लावला तर बऱ्याच मशीनना तो लोड जाणवतच नाही आणि इंजिन आयडलवरच राहतं. ऐकायला बरं वाटतं. पण साध्या जनरेटरच्या मशीनमध्ये आयडलला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही पडलेली असतात. दिवा लुकलुकतो आणि नाजूक चार्जर मरतात. दिवे मशीनवर लावूच नका, बॅटरीचे वापरा. ग्राइंडरही शक्य तिथे बॅटरीचा. दर वेळी ट्रिगर दाबला की इंजिन फुल्ल वर जाणार, हे एकदा थांबलं की संध्याकाळचा आवाजच बदलतो. इन्व्हर्टर पद्धतीने वीज देणाऱ्या मशीनमध्ये इंजिनाचा वेग आणि सॉकेटची फ्रिक्वेन्सी एकमेकांपासून सुटी असते, त्यामुळे कमी वेगातही सॉकेट नीट चालतं. माझ्या मते आवाजाची अट असलेल्या साइटसाठी हा फरक कॅनोपीच्या जाडीपेक्षा मोठा आहे.

स्टिकरवरचा आकडा कुठून मोजलाय?

दोन मशीन शेजारी उभी आहेत. एकावर ९७ लिहिलंय, दुसऱ्यावर ७२. पहिलं कुणी घेईल का? पण दोन्ही तेवढीच ओरडत असू शकतात.

पहिला आकडा ध्वनिशक्तीचा आहे. मशीन एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या वेल्डिंग जनरेटरवर २०००/१४/ईसी या निर्देशानुसार हाच 'हमी दिलेला' आकडा चिकटवावा लागतो आणि त्यापुढे एलडब्ल्यूए ही अक्षरं असतात. दुसरा आकडा ध्वनिदाबाचा, म्हणजे एलपीए. ठरावीक अंतरावर उभं राहिल्यावर मीटर काय दाखवेल तो. अंतर बहुधा ७ मीटर असतं. मोकळ्या जागी, कडक जमिनीवर, ध्वनिशक्तीच्या आकड्यातून २५ वजा केले की ७ मीटरवरचा आकडा येतो. ९७ वजा २५, म्हणजे ७२. कॅटलॉगात नुसतं 'इतके डेसिबल' लिहिलं असेल आणि अंतर दिलं नसेल तर तो आकडा धरूच नका. अंतर ७ मीटरऐवजी १० मीटर लिहिलं की तेच मशीन आपोआप तीन डेसिबलने 'शांत' होतं.

दुसरी पळवाट लोडची. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरच्या जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा पाव लोडचा असतो. त्यावर वेल्डिंगचा सेट लावला की तो पाव लोडवर थोडाच राहणार आहे? भाड्याने देणाऱ्याला नेमकं विचारा: आकडा कोणत्या लोडला, किती अंतरावर, चारही बाजूंची सरासरी की सगळ्यात शांत बाजूचा, आणि आयडलचा वेगळा आकडा आहे का. उत्तर देता आलं नाही तर यार्डातच मशीन सुरू करून, एखादी पट्टी वेल्ड करून, ७ मीटरवर चारी बाजूंनी मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे. एक्झॉस्ट आणि रेडिएटरची बाजू इतर बाजूंपेक्षा किती वाईट आहे हे तिथेच कळतं, आणि पुढे साइटवर मशीन कोणत्या तोंडाने उभं करायचं हेही.

मोजताना मागचा आवाज विसरू नका. मशीन बंद असताना ५७ आणि चालू असताना ६० दाखवत असेल, तर मशीनचा स्वतःचा वाटा ५७ आहे, ६० नाही. फरक तीनपेक्षा कमी आला तर त्या मापाला अर्थ नाही, शांत वेळी परत मोजा. फोनचं ॲप तुलना करायला चालतं. कुणाशी कागदोपत्री वाद घालायचा असेल तर निदान क्लास २ अचूकतेचं मीटर हवं, माइकला फोमची टोपी लावून.

आणि परवानगीचा कागद नीट वाचा. मर्यादा मशीनपाशी आहे, कुंपणापाशी आहे की शेजारच्या खिडकीपाशी? तासाची सरासरी धरतात की एका क्षणाचा सगळ्यात मोठा आवाज? ठेकेदार मशीनपाशी मोजतो आणि तपासायला येणारा खिडकीपाशी. दोघेही बरोबर असतात आणि काम बंद पडतं.

मीटर ठीक म्हणतंय, लोक मात्र वैतागलेत

ही तक्रार खोटी नसते. चार स्ट्रोकच्या इंजिनात आवाजाचा पाया ठरतो तो सिलिंडर किती वेळा पेटतात यावर. तीन सिलिंडरचं इंजिन १८०० आरपीएमवर सेकंदाला ४५ ठोके देतं. या ४५ हर्ट्झच्या घुमण्याची तरंगलांबी साडेसात मीटरच्या वर जाते. दोन मीटर उंचीचा पत्रा तिला दिसतही नाही, ती वरून-बाजूने वळून जाते आणि बंद खिडकीतूनही आत शिरते. त्यात नेहमीचं मीटर ए-वेटिंगवर (कानाप्रमाणे खर्जाचे सूर कमी मोजणाऱ्या सेटिंगवर) असतं आणि ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ते जवळपास ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणजे मीटरवर ५५, आणि खोलीत झोपलेल्या माणसाच्या उशीत घुम्म.

ओळखायची खूण सोपी आहे. मीटर ए-वरून सी-वर टाका, ते सेटिंग खर्ज फारसा कापत नाही. दोन आकड्यांत पंधरा-वीस किंवा जास्त डेसिबलचा फरक असेल तर त्रास घुमण्याचा आहे. यावर पडदे लावून फायदा नाही. उपाय तीनच: मोठा आणि चांगला सायलेन्सर, वेगळा वेग, किंवा अंतर. वेगळ्या वेगाने कधीकधी गंमत होते. एकदा आयडलचा वेग थोडा बदलल्यावर (मेकॅनिककडून, मॅन्युअलमधल्या मर्यादेत) जिन्याच्या काचा थरथरायच्या थांबल्या होत्या. काचेचा स्वतःचा सूर आणि इंजिनाचा सूर जुळला होता, एवढंच.

मशीन गच्चीवर किंवा स्लॅबवर असेल तर घुमणं हवेतून न जाता काँक्रीटमधून खाली जातं. खालच्या मजल्यावर भिंतीला हात लावला की कळतं. अशा वेळी मशीनखाली योग्य वजनाचे रबर पॅड लागतात. जुन्या टायरचे तुकडे कधी चालतात, कधी नाही. ट्रेलरवरचं मशीन असेल तर ट्रेलरचा पत्र्याचा तळ ढोलासारखा वाजतोय का तेही बघा.

मशीन लांब न्या, करंट जवळ आणा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. १० मीटरवरून ४० मीटरवर नेलं तर बारा. बारा डेसिबल कमी आवाजाचं मशीन शोधायला गेलात तर दमाल, आणि इथे तेवढाच फायदा नुसत्या केबलवर मिळतो.

"लांब केबलवर करंट मरतो," हे उत्तर लगेच येतं. किती मरतो ते मोजू. ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल मीटरला पाव मिलिओहम धरते. जाताना ४५ मीटर आणि अर्थची येताना ४५, मिळून ९० मीटर. रोध साडेबावीस मिलिओहम. ३.२ मिलिमीटरचा ७०१८ जातीचा रॉड १२० अँपिअरवर मारताना पडणारं व्होल्टेज पावणेतीनच्या आत. आर्कला त्या करंटला २५ व्होल्टच्या आसपास लागतात, तेव्हा मशीनने २८ द्यायचे. कुठलंही बऱ्यापैकी कॉन्स्टंट करंट मशीन (करंट जवळपास तोच राखणारं) हे हसत देतं. तीच लांबी ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलवर ओढली तर साडेपाच व्होल्ट पडतात आणि केबल गरम होते. केबल मरतेय असं म्हणणाऱ्याच्या साइटवर बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या जाडीचे तुकडे सैल लगने (टोकाच्या जोडांनी) जोडलेले असतात. जोडाला हात लावून बघा, चटका बसला तर करंट तिथे मरतोय.

लांब केबल घेतलीत तर दोन गोष्टी सोबत लागतात. पहिली रिमोट. वेल्डरला करंट बदलायला प्रत्येक वेळी पन्नास मीटर चालावं लागलं तर तो मशीन जास्त करंटवर ठेवेल आणि आर्क लांब धरून भागवेल. मग वेल्ड बिघडेल. दुसरी म्हणजे उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका, सापासारखी मोकळी पसरा. वायर फीडरने (रॉडऐवजी तार पुढे सरकवणाऱ्या यंत्राने) काम असेल तर आर्कवरच्या व्होल्टेजवर चालणारा फीडर निवडा, म्हणजे कंट्रोलची वेगळी केबल ओढायला नको.

जागा निवडताना भिंतीपासून दूर. भिंतीला चिकटवलं की तीन डेसिबल वाढतात, कोपऱ्यात घातलं की सहापर्यंत. दोन इमारतींमधली बोळ आणि आतला चौक ही सगळ्यात वाईट जागा, तिथे आवाज घुमत राहतो. इमारतीचा कोपरा आड येईल अशी जागा मिळाली तर सोनं. एक्झॉस्टचं तोंड रिकाम्या बाजूला. आणि जवळपास खिडकी किंवा एसीची ताजी हवा ओढणारी जाळी नको. आवाजासाठी म्हणून मशीन आडोशाला लोटताना कार्बन मोनॉक्साइड विसरून चालत नाही. तो वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस मारतो.

याच कारणाने प्लायवूडचा डबा करून मशीन त्यात बंद करायची कल्पना सोडून द्या. मी ती करून पाहिली आहे. पहिल्या अर्ध्या तासात आवाज खरंच उतरला, मग तापमानाचा ट्रिप. मग डब्याला भोक. मग मोठं भोक. शेवटी डबा नव्हता, चौकट होती. बंद जागेला एक टक्का फट राहिली तरी वीसच्या वर डेसिबल अडवता येत नाहीत, आणि इंजिनाला हवा हवीच. त्यापेक्षा मशीनपासून थोडं अंतर सोडून तीन बाजूंनी जड पडदा उभा करा. चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास वजनाचा, जमिनीला टेकलेला, आतून मऊ. नजर अडली की पाच डेसिबल कमी, नीट केला तर दहाच्या आसपास. ताडपत्री आणि हिरवी जाळी यांनी फक्त मशीन दिसत नाही, ऐकू मात्र येतंच.

आता मशीन बदलायचंच असेल तर

वरचं सगळं करूनही मर्यादेत बसत नसेल, तर निवडीला बसा. सुरुवात करंटपासून. सगळ्यात जाड रॉड कोणता? ३.२ आणि अधूनमधून ४ मिलिमीटर असेल तर २०० अँपिअरच्या आत भागतं. "असू दे, कधीतरी गाउजिंग लागेल" (कार्बन रॉडने धातू वितळवून खरवडणं) म्हणून ५०० अँपिअरचं मशीन आणलं की मोठं इंजिन, मोठा पंखा आणि दिवसभर हलका लोड. हलक्या लोडवर डिझेल इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं, धूर होतो आणि सायलेन्सर चिकट काजळीने भरतो. आणि गाउजिंगच करायचं असेल तर शांत मशीनचा प्रश्नच उरत नाही. कार्बन रॉडचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, इंजिन त्यात ऐकूही येत नाही. ते काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या परवानगीने करा. १०५ डेसिबलला उघड्या कानाने राहायची मुदत अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या निकषाने पाच मिनिटांच्याही आत संपते, तेव्हा वेल्डरच्या कानात बोळे हवेतच.

मग वेग. फ्रिक्वेन्सीनुसार ३००० किंवा ३६०० आरपीएमवर चालणारं दोन पोलचं मशीन हलकं असतं, पण त्याचा आवाज कर्कश. १५०० किंवा १८०० चं चार पोलचं जड असतं, पण सुसह्य. त्याच्याही पुढचं म्हणजे लोडप्रमाणे वेग बदलणारं, १२० अँपिअरला लागेल तेवढंच पळणारं. पाण्याने थंड होणारं इंजिन हवेने थंड होणाऱ्यापेक्षा कॅनोपीत नीट बसतं, शिवाय सिलिंडरभोवतीचं पाणीही आवाज गिळतं. दोन वेल्डर असतील तर दोन आउटपुटचं एकच मशीन बघा, कारण सारख्या आवाजाची दोन मशीन म्हणजे तीन डेसिबल जास्त आणि उभी करायला दोन चांगल्या जागा शोधायच्या.

कॅनोपी निवडताना दार उघडून आत बघा. हवा सरळ आत येऊन सरळ बाहेर जात असेल तर आवाजही तसाच जाणार. वळण घेऊन येणारा हवेचा मार्ग ही चांगल्या कॅनोपीची खूण. दार बंद ठेवून, कडक उन्हात, पूर्ण ड्यूटी सायकलला (कंपनीने सांगितलेला सलग वेल्डिंगचा वेळ) मशीन टिकतं का हे विचारा. टिकत नसेल तर साइटवर वीट येणार आणि दार उघडं राहणार.

आणि इंजिन लागतंच का, हा प्रश्न खरं तर पहिला. साइटवर १६ अँपिअरचं २३० व्होल्टचं नीट कनेक्शन मिळत असेल तर त्यावर छोटा इन्व्हर्टर सेट ३.२ चा रॉड जेमतेम का होईना चालवतो, पॉवर फॅक्टर सुधारणारा (त्याच कामाला कमी करंट ओढणारा) सर्किट असलेला सेट असला तर बराच आरामात. चार-सहा टॅक आणि एखादी दुरुस्ती एवढंच काम असेल तर बॅटरीवर चालणारे वेल्डिंग सेटही मिळतात. एका चार्जवर मोजकेच रॉड जातात, पण आवाज फक्त आर्कचा. बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेलं हायब्रिड मशीन शांत वेळेत बॅटरीवर वेल्डिंग करतं आणि चार्जिंगसाठी इंजिन तुम्ही ठरवाल तेव्हा चालवतं. वेळेचं बंधन असलेल्या साइटला याच्याइतकं सोयीचं काही नाही, फक्त बॅटरी संपली की ते साधं डिझेल मशीनच होतं. ती किती रॉड पुरते हे आधी मोजून घ्या.

मशीन जुनंच आहे, अलीकडे ओरडायला लागलंय

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि तापल्यावर कमी होते? एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकतंय. आवाज फाटका आणि पोकळ झाला असेल तर सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या गंजून पडल्यात, बाहेरून तो नवाकोरा दिसला तरी. हातोडीच्या लाकडी दांड्याने हळूच ठोका, आत काही खुळखुळतं का ऐका. एका ठरावीक आरपीएमलाच खडखड होत असेल तर तळाच्या पत्र्याचे बोल्ट आणि पंख्याचं आवरण बघा. इंजिनाचे रबर माउंट नखाने दाबून पाहा, दगडासारखे लागले तर बदला. दाराच्या कडेचं रबर आणि कुलूप तर बघाच, अर्ध्या इंचाची फट कॅनोपीचा निम्मा फायदा घालवते. आतला फोम तेलाने भिजून लोंबत असेल तर आवाजाच्या आधी आगीची काळजी करा.

रुग्णालयाच्या कामावर आम्ही शेवटी मशीन बदललंच नाही. ते वॉर्डापासून दहा मीटरवर होतं, तिथून कोपऱ्याच्या पलीकडे चाळीस मीटरवर नेलं. ७० ची केबल आणि रिमोट मागवला, हॅलोजन काढून बॅटरीचे दिवे लावले, वीट फेकून दार बंद केलं. खिडकीपाशी आधी ७१ दिसत होते ते ५३-५४ वर आले. आता मशीनचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत होता, तरी पुढच्या संध्याकाळी नर्सबाईंचा निरोप आलाच: "ते ठाकठाक कसलं करता?" स्लॅग झाडायची हातोडी होती. पाइप भिंतीतून थेट वॉर्डात गेलेला, त्यामुळे प्रत्येक ठोका पलंगापाशी पोचत होता. एकाच पासचे फिलेट (कोपऱ्यातले एकाच थराचे वेल्ड) होते म्हणून जमलं. संध्याकाळी वेल्ड करून तसंच ठेवायचं आणि स्लॅग दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा झाडायचा.